रायबंदर ते पाटो सायकलने: कडेने चालवायची की मधून?

मांडवीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. ऑफिस पणजीतल्या पाटोला, घर रायबंदरला. मुलगा कॉलेजात गेला आणि स्कूटर त्याच्याबरोबर गेली, म्हणून मी सायकल घेतली. मडगार्ड, कॅरियर आणि जेमतेम गियर असलेली साधीच आहे. रस्ता सपाट, अंतर किरकोळ. पणजीत पार्किंगला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात मी सायकलने पोचेनसुद्धा.

घरात मात्र एकमुखी विरोध. सासूबाईंना वाटतं मी पहिल्याच दिवशी मांडवीत जाणार. नवरा म्हणतो, "जा, पण कडेकडेने जा." माझा प्रश्न नेमका इथेच आहे. रायबंदर ते पणजी हा रस्ता म्हणजे पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये दलदलीतून बांधलेला कॉजवे. त्याला कड अशी आहेच कुठे? एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि मधे दोन्ही दिशांची वाहतूक. मागून बस आली की मी आणखी डावीकडे दबायचं, की आहे तिथेच राहायचं?

हेल्मेट घाला आणि लाइट लावा, एवढं मला ठाऊक आहे. त्यापुढचं कोणी सांगेल का?

पेडणेकर_कधीकधी

अभिनंदन आणि शुभेच्छा. माझा सल्ला: बस पकडा.

अंत्रुजकर

पेडणेकर, झालं का तुमचं? :)

मांडवीकाठ, मी फोंड्याचा. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये गेली काही वर्षं आहे, रात्रीच्या ब्रेव्हेही (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्या) केल्यात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दबायचं नाही.

कारण सांगतो. डांबराच्या कडेपासून वीतभर अंतरावर चालवलं तर तीन गोष्टी होतात. पहिली, सगळा कचरा तिथेच असतो. फुटक्या बाटल्या, खडी, वाहून आलेली तांबडी माती, नारळाची झावळी. त्यातलं काही चुकवायला तुम्ही अचानक उजवीकडे येता, आणि मागच्याला ते अपेक्षित नसतं. दुसरी, डांबर संपतं तिथे बऱ्याच ठिकाणी चार-सहा इंचांची पायरी असते. चाक एकदा खाली उतरलं की तिरकं वर येत नाही, सायकल आडवी होते. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही अगदी कडेला असलात की मागच्या गाडीवाल्याला वाटतं, समोरून गाडी येत असली तरी मधल्या फटीतून आपण निघून जाऊ. तुम्हीच त्याला ती फट दाखवलेली असते.

म्हणून कडेपासून साधारण एक मीटर आत, सरळ रेषेत. सरळ रेषेत यावर जोर आहे. डावीकडे मोकळी जागा दिसली की आत शिरायचं आणि पार्क केलेली गाडी आली की बाहेर यायचं, असं नागमोडी चालवणारा सगळ्यात धोक्यात असतो. जिथे रस्ता इतका अरुंद आहे की तुम्हाला आणि समोरच्या गाडीला सांभाळून ओव्हरटेक होणारच नाही, तिथे काही वेळ आपल्या लेनच्या मधोमध चालवा. रुंदी मिळाली की डावीकडे या आणि हात करून त्याला जाऊ द्या. हात केलात की निम्मे लोक हॉर्नही वाजवत नाहीत.

तो मीटरभर तुमच्यासाठीच ठेवलेला असतो. मागून खरोखरच कोणी अंगावर आला तर डावीकडे सरकायला तेवढी तरी जागा उरते. आधीच टोकाला असाल तर सरकणार कुठे? मिठागरात.

पेडणेकर_कधीकधी

आता गंभीरपणे बोलतो. मी रोज गाडीने पर्वरीतून पणजीला येतो. उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तिथे माणूस शहाणा राहत नाही. अशा वेळी लेनच्या मधोमध कोणी सायकल घेऊन चालला असेल तर माझ्या तोंडून काय निघेल ते इथे लिहिता येणार नाही. कायद्याने तुमचा हक्क असेल. पण चिडलेला ड्रायव्हर मागे घेऊन चालवणं ही सुरक्षितता आहे का?

अंत्रुजकर

चिडलेल्याने मला पाहिलेलं असतं, पेडणेकर. मला भीती न पाहिलेल्याची आहे.

मात्र तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे. मधोमध चालवणं हा सगळीकडचा नियम नाही. मागच्या वाहनाच्या आणि तुमच्या वेगात किती फरक आहे, यावर ते ठरतं. रायबंदर गावातून जाताना, पणजीच्या आतल्या गल्ल्यांत, साष्टीतल्या चिऱ्यांच्या कुंपणामधल्या आंधळ्या वळणांवर गाड्या फार तर तीस-चाळीसने असतात. तिथे मधे या. कदंब पठारावरच्या हायवेवर किंवा वेर्ण्याच्या सरळ पट्ट्यात लोक ऐंशीने येतात. तिथे मधे येणं म्हणजे आत्महत्या. तिथे पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे राहा, किंवा मुळात जाऊच नका. मांडवीकाठ यांना पणजीला जायला दोन रस्ते आहेत, खालचा कॉजवे आणि वरचा बायपास. रुंद दिसतो म्हणून बायपास घेऊ नका. रुंदीमुळेच तिथे वेग आहे.

जरा हिशेब करा. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. ड्रायव्हरने मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलं की तेहतीस मीटर गेले. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. तीसची गाडी आणि साठची गाडी यांत फरक दुपटीचा नाही.

तिसरा_गियर

मी सायकलवाला नाही. खाण चालू होती त्या काळात उसगाव-आमोणे पट्ट्यात टिपर (खनिजाचा ट्रक) चालवला, आता दुसरी गाडी चालवतो. वरची चर्चा वाचून लिहावंसं वाटलं.

मोठ्या गाडीच्या केबिनमधून काय दिसतं ते सायकलवाल्यांना माहीत नसतं. आम्ही उजव्या बाजूला, उंचावर बसतो. डाव्या दाराच्या खाली, पुढच्या बंपरच्या अगदी समोर आणि मागच्या चाकांजवळ माणूस उभा असेल तर दिसत नाही. अजिबात नाही. आरसे कितीही लावा. एक खूण सांगतो: तुम्हाला आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही आहात.

दुसरी गोष्ट वळणाची. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतून कापत येतात. वळायच्या आधी ड्रायव्हर पुढचा भाग थोडा उजवीकडे घेतो. डावीकडे जागा झाली असं वाटून सायकल आणि स्कूटरवाले तिथे घुसतात. मग ती जागा बंद होते. सिग्नलला किंवा सर्कलला ट्रक-बस उभी असेल तर तिच्या डाव्या अंगाने पुढे जायचं नाही, कितीही उशीर झाला तरी. मागे थांबा. नाहीतर इतके पुढे जाऊन उभे राहा की काचेतून पूर्ण दिसाल.

आणि कडेने की मधून यावर माझं मत: मला सायकलवाला समोर दिसलेला बरा. कडेच्या झुडपातून मधेच बाहेर येणारा नको.

मांडवीकाठ

तिसरा_गियर, हे कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद. बसच्या बाबतीतही हेच का? सकाळी खाजगी बसगाड्यांची प्रवासी उचलायची जी शर्यत चालते तिचीच मला धास्ती आहे.

तिसरा_गियर

बसचं थोडं वेगळं. बस तुम्हाला ओव्हरटेक करते आणि वीस पावलांवर डावीकडे दाबून थांबते. कारण कंडक्टरला हात केलेला माणूस दिसलेला असतो. म्हणजे बस पुढे गेली की सुटलो असं समजायचं नाही, पायडल मारणं थांबवायचं आणि ब्रेकवर बोटं ठेवायची. ती थांबली तर डावीकडून कधीच जाऊ नका. दारातून माणसं उड्या मारून उतरतात आणि तुम्ही त्यांच्या अंगावर जाता. मागे थांबा, घाई असेल तर मान वळवून मागे बघा आणि उजवीकडून जा. कंडक्टरची शिट्टी ऐकू आली की बस लगेच हलते, तेव्हा शिट्टी ऐकल्यावर ओव्हरटेक सुरू करू नका.

म्हणूनच कानात इअरफोन नको. गोव्यात बसपेक्षा तिची शिट्टी आधी कळते.

साष्टीतला_पाहुणा

वाचनखूण साठवली. मी मूळचा पुण्याचा, आता मडगावजवळ राहतो. इकडे आल्यावर एक गोष्ट नवीन कळली ती म्हणजे रंबलर. ओळीने घातलेले ते पांढरे पट्टे सायकलवर अक्षरशः दात वाजवतात. पुष्कळ ठिकाणी ते डांबराच्या कडेपर्यंत नसतात, डावीकडे हातभर फट राहते. सायकलवाला त्या फटीकडे वळतो, आणि मागचा स्कूटरवालाही त्याच क्षणी त्याच फटीकडे वळतो. मी हल्ली फट बघतच नाही. वेग कमी करतो, सीटवरून थोडा उठतो, हँडल घट्ट पण कोपर सैल ठेवतो आणि सरळ पट्ट्यांवरून जातो. पावसात मात्र त्यांच्यावर ब्रेक लावू नये, रंग ओला झाला की घसरतो.

दुसरं निरीक्षण: काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी किंवा स्कूटर दिसली की अंतर वाढवा. भाड्याची गाडी असते. चालवणारा वाईटच असतो असं नाही, पण त्याचं लक्ष मॅपवर असतं आणि "इथून डावीकडे" ऐकल्याबरोबर तो जागच्या जागी वळतो.

पेडणेकर_कधीकधी

हे मात्र शंभर टक्के. :D

टाकेवाली

इमर्जन्सीत काम करते, कुठे ते विचारू नका. हेल्मेटबद्दल "ते ठाऊक आहे" म्हणून धागा पुढे सरकला, म्हणून थोडं मागे नेते.

सायकलला हेल्मेट आपल्याकडे कायद्याने सक्तीचं नाही. तरी घाला. पण ते काय करतं आणि काय करत नाही ते समजून घाला. सायकलच्या हेल्मेटची युरोपीय चाचणी, ईएन १०७८, साधारण ताशी वीस किलोमीटरच्या आदळण्यावर केलेली असते. म्हणजे तुम्ही स्वतः घसरून पडलात, डोकं रस्त्यावर किंवा दगडावर आपटलं, त्यासाठी ते बनवलेलं आहे. साठने आलेल्या गाडीला ते पुरणार नाही. म्हणून हेल्मेट घातलं की बाकी चालतं, असा हिशेब करू नका. पण आमच्याकडे येणारे पुष्कळ जण कोणी ठोकलं म्हणून नव्हे, खड्ड्यात, कुत्र्यापुढे, ओल्या मातीवर आपले आपणच पडलेले असतात. तिथे हेल्मेट पुरेपूर काम करतं.

घालायचं कसं? कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं. मागे सरकवून टोपीसारखं घातलेलं हेल्मेट शोभेचं. पट्टे कानाखाली जुळले पाहिजेत, हनुवटीखाली एखादं बोट जाईल इतकेच सैल. एकदा आपटलं की टाकून द्या, बाहेरून धड दिसलं तरी. आतलं फोम एकदाच दबतं.

पडल्यावर "काही नाही झालं" म्हणत उठणाऱ्यांसाठी: डोक्याला मार असेल आणि पुढच्या चोवीस तासांत उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ यांतलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. १०८ ला फोन करा. आणि रस्त्यावर पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढू नका. शुद्धीवर असेल आणि श्वास नीट चालू असेल तर मान हलू न देता तसंच राहू द्या.

दीपस्तंभ_नाही

सगळे सल्ले सायकलवाल्यालाच. हेल्मेट तू घाल, लाइट तू लाव, आरसा तू लाव, मागे तू थांब. स्मार्ट सिटीच्या नावाने पणजी खणून काढली, धूळ खाल्ली, आणि मिळालं काय? पांजीम ते रायबंदर सपाट रस्ता आहे. जगात कुठेही असता तर एका बाजूला वेगळा ट्रॅक केव्हाच झाला असता. जर्मनीत सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडावं लागतं, कायदाच आहे. फ्रान्समध्ये गावात एक, बाहेर दीड. इथे हातभर अंतर सोडलं तर उपकार.

अंत्रुजकर

एकूण एक शब्द मान्य. पण ताईंना यंदाच ऑफिसला जायचंय.

दीपस्तंभ_नाही

तेच तर. "ताईंना यंदाच जायचंय" असं म्हणत गेली कित्येक वर्षं ढकलली आपण. असो, विषय भरकटवत नाही. तक्रार लिहायची झाली तर निदान नेमकी लिहा: अमुक ठिकाणी झाकण नाही, अमुक वळणावर दिवा बंद. फोटो जोडून पंचायतीला किंवा महापालिकेला. "रस्ते खराब आहेत" अशा अर्जाला कोणी विचारत नाही.

उंडेवाला_नातू

माझे आजोबा पोदेर (सायकलवरून पाव विकणारे) नव्हते, पण आमच्या गल्लीतल्या पोदेराकडे बघून मला कायम प्रश्न पडतो. अंधारात निघतो, मागे ती भली मोठी टोपली, वर प्लास्टिक, ना हेल्मेट ना लाइट, आयुष्य सायकलवर गेलं. तो कसा काय वाचतो? की सगळी भीती आपल्यासारख्या नवख्यांचीच?

अंत्रुजकर

छान प्रश्न. माझा अंदाज असा.

एक, तो हळू चालवतो आणि मुख्य रस्त्यावर फार थोडा वेळ असतो. दोन, त्याच्या भोंग्याचं पोंय-पोंय. तो दिसायच्या आधी ऐकू येतो. तीन, टोपली. हँडलपेक्षा रुंद सामान दिसलं की गाडीवाला आपसूक जास्त जागा सोडतो. मी कॅरियरला दोन्ही बाजूंना पिशव्या लावतो तेव्हा मलाही हा फरक जाणवतो. चार, त्याची वेळ आणि वाट ठरलेली. त्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत असतं की या वळणावर आता पोदेर असणार.

म्हणजे तो दिसतो, ऐकू येतो आणि अपेक्षित असतो. आपल्याला हेच कमवायचंय. पण पहाटे विनालाइट जाण्याचं समर्थन मी करणार नाही. पोदेरांनाही कोणी मागचा लाल दिवा बसवून दिला तर पुण्य लागेल.

चेन_आणि_ग्रीस

सायकलचं दुकान आहे (मडगाव, नाव सांगत नाही, जाहिरात नको). माझ्याकडे येणाऱ्या सायकली बघून दोन शब्द.

गोव्यात सायकल वापराने कमी आणि खाऱ्या हवेने जास्त मरते. बाहेरून चकाचक असते, आणि ब्रेकची वायर आवरणाच्या आत गंजून तुटायला आलेली असते. ती तुटते केव्हा? तुम्ही जीव खाऊन ब्रेक दाबता तेव्हा. म्हणून दर पावसाळ्यानंतर ब्रेकच्या वायरी बदला, फार खर्च नाही. ब्रेकची रबरं पावसात वाळू आणि तांबड्या मातीने घासून जातात. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की बदलायची.

रिमवर ब्रेक लागणारी सायकल ओली असताना पहिली एक-दोन चक्रं ब्रेक लागतच नाही, आधी पाणी पुसलं जातं. म्हणून पावसात थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके टेकवायला सुरुवात करा. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण घेताना तपासा. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. लोक घाबरून फक्त मागचा दाबतात आणि चाक फरफटतं. दोन्ही एकत्र, पुढचा जरा जास्त, अंग मागे. वळणावर किंवा ओल्या मातीवर मात्र पुढचा जोरात दाबायचा नाही. एखाद्या रविवारी मोकळ्या मैदानात सराव करा.

निघताना रोज: टायर दाबून बघा, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा, चाकांच्या क्विक रिलीज पट्ट्या (चाक झटकन काढायच्या खिट्ट्या) असतील तर घट्ट आहेत का बघा. लागत नाही अर्धा मिनिटही.

मांडवीकाठ

हे सगळं वहीत उतरवतेय. संध्याकाळचं काय? डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो आणि मी सुटते तेव्हा अंधारच असतो.

अंत्रुजकर

मागे लाल, पुढे पांढरा, दोन्ही चार्ज होणारे. मागचा दिवसाही चालू ठेवा. पुढच्या दिव्याचा झोत रस्त्यावर पडू दे, समोरच्याच्या डोळ्यांत नको. कॉजवेवर समोरून येणारा दिपला तर तो तुमच्याच दिशेने येतो.

ब्रेव्हेत रात्री हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट आणि चकाकणारं जॅकेट नसेल तर पुढे जाऊ देत नाहीत. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास असतात, म्हणजे संध्याकाळ गाठतेच. ते नियम मला अति वाटत नाहीत. जॅकेट नको असेल तर निदान घोट्यांना चकाकणारे पट्टे बांधा. पाय वरखाली होतात तसे पट्टेही हलतात, आणि ड्रायव्हरला लांबूनच कळतं की ही सायकल आहे. एकटा लाल ठिपका स्कूटरचा आहे की कशाचा, ते कळत नाही.

आणि हँडलला उजवीकडे एक छोटा आरसा. पण वळण्याआधी मान वळवून बघायचंच. मान वळवली की मागच्यालाही कळतं, ही बाई काहीतरी करणार आहे.

फेरीतला_पाय

कोणी फेरीबोटीचं बोललं नाही. मी चोडण्याहून रायबंदरला येतो. फेरीच्या त्या लोखंडी उतारावर चिखल, पाणी, शेवाळ. ओहोटीला उतार आणखी तीव्र. तिथे सायकलवर बसून चढू-उतरू नका, स्कूटरवाल्यांची गर्दी उसळली तरी. उतरून, सायकल डाव्या हाताला धरून, कठड्याच्या बाजूने. रेल्वे फाटकालाही तसंच. चांदरकडे गेलात तर रूळ काटकोनात ओलांडा, तिरकं गेलं की चाक फटीत अडकतं.

मांडवीकाठ, तुमच्या वेळेला फेरीतून सुटलेला स्कूटरचा लोंढा रायबंदरच्या धक्क्यावरून एकदम मुख्य रस्त्यावर येतो. फेरी लागलेली दिसली तर दोन मिनिटं थांबा किंवा आधी निघा. पावसाळ्यात कॉजवेवर नदीकडून वारा आडवा मारतो हेही लक्षात ठेवा. बस बाजूने गेली की क्षणभर वारा अडतो आणि ती पुढे गेली की पुन्हा धक्का बसतो. हँडल त्या वेळी घट्ट.

आणि अटल सेतूवर जायचा मोह नको, तो २०१९ मध्ये उघडला तेव्हापासून दुचाकींना बंदच आहे. पर्वरीला जायचं तर खालच्या पुलाने, नाहीतर बेती फेरीने. फेरीच बरी.

डिचोलीची_आई

मुलांचं कोणी सांगेल का? लेक अकरा वर्षांची, शाळेत सायकलने जायचं म्हणते. शाळा गावातच आहे, पण मधे एक तिठा आहे.

टाकेवाली

आधी तीन गोष्टी येतात का बघा: एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने खूण करता येणं, मागे बघताना सायकल सरळ ठेवता येणं, आणि ओरडलात त्या क्षणी थांबता येणं. मैदानात जमेपर्यंत रस्ता नाही. दप्तर हँडलला लटकवायचं नाही, कॅरियरला बांधायचं. ओढणी आणि बुटाच्या नाड्या चेनपासून दूर. "मोठी होईल" म्हणून मोठी सायकल घेऊ नका, सीटवर बसून पाय टेकायला हवेत.

तिठ्यावर उतरून, हातात धरून चालत ओलांडायचं. तुम्ही बरोबर असाल तर तिच्या पुढे नाही, थोडं मागे आणि उजवीकडे राहा.

साष्टीतला_पाहुणा

त्यात पार्क केलेल्या गाड्यांचं घाला. मुलांना गाडीचं दार उघडेल हे सुचतच नाही. दाराच्या रुंदीएवढं, मीटरभर अंतर ठेवायचं. आणि गाडीवाल्यांनो, उजवं दार डाव्या हाताने उघडा. शरीर आपोआप वळतं आणि मागचं दिसतं.

पेडणेकर_कधीकधी

हे करून बघितलं आत्ता. अवघडल्यासारखं होतं, पण मागचं खरंच दिसतं. बायको विचारतेय, अंगणात गाडीत बसून काय चाललंय.

नोटरीचा_शिक्का

कायद्याचं थोडक्यात, कारण धक्का लागल्यावर लोक रस्त्यावरच "शंभर-दोनशे घे आणि जा" करतात.

सायकल हे मोटार वाहन नाही. तुम्हाला परवाना नको, विमा नको. पण तुम्हाला ठोकणाऱ्या गाडीला त्रयस्थ व्यक्तीचा विमा सक्तीचा आहे आणि ती त्रयस्थ व्यक्ती तुम्ही. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा रेंगाळू नका. त्यासाठी पोलिसांत नोंद, गाडीचा नंबर आणि उपचाराचे कागद लागतात. ११२ ला फोन करा, नंबरप्लेटचा आणि जागेचा फोटो घ्या, मगच सायकल हलवा.

ठोकून पळाला तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात. शिवाय २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना आली: सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत. हॉस्पिटलमध्ये तिचं नाव घेऊन विचारा.

मदत करणाऱ्यांनी घाबरू नये. मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४-अ तुमच्यासाठी आहे. जखमीला पोचवलंत म्हणून नाव-पत्ता द्यायची सक्ती कोणी करू शकत नाही.

तिसरा_गियर

एक राहिलं. कुत्रे. पळायला जाऊ नका, कुत्रा जास्त पळतो. थांबा, उतरा, सायकल मधे धरा आणि शांत चाला. गुरांना मात्र मागून वळसा घाला, पुढून नाही. गुरं पुढेच चालतात.

मांडवीकाठ

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: बायपास नाही, कॉजवे. कडेपासून मीटरभर आत. ऑफिसात अर्धा तास आधी यायची परवानगी मागितली आहे, म्हणजे फेरीचा लोंढा आणि बसची शर्यत दोन्ही टळतील. पुढच्या रविवारी सकाळी नवरा स्कूटरवर मागे राहून पूर्ण रस्ता बघणार आहे, अट त्याचीच. अंत्रुजकर, आरसा नेमका कोणता घेऊ? गोल की लांबट?

अंत्रुजकर

गोल, फुगीर काचेचा. हँडलच्या टोकाला बसणारा घ्या, दांड्यावर चिमटणारा रंबलरवर फिरतो.

चेन_आणि_ग्रीस

टोकाला बसणारा घेताना हँडलचं टोक पोकळ आहे का बघा. काही साध्या सायकलींना ग्रिप बंद असते, ती कापावी लागते. दुकानदाराकडूनच कापून घ्या.

डिचोलीची_आई

लहान सायकलला बसतो का तो?

चेन_आणि_ग्रीस

बसतो. पण तिला आधी मान वळवून बघायला शिकवा, आरसा पुढच्या वर्षी.